कात्रीच्या जागी बिल्ला

२ मार्च

खळ्ळ! मग किणकिण, किणकिण, आणि शेवटी एकच बटण स्वतःभोवती गरगरत राहायचं आणि दमून आडवं व्हायचं.

आई बटणांचा डबा फरशीवर उपडा करायची, तेव्हाचा हा आवाज. ती मशीनवर बसलेली, मी पालथा पडलेलो, समोर बटणांचा ढीग आणि कोपराखाली शाळेचं पुस्तक उघडं. कविता पाठ करायची आणि दर ओळीला एक बटण बाजूला सरकवायचं. अजूनही एखादी जुनी कविता ओठांवर आली की बोटं बटण शोधू लागतात.

तोच डबा पुढे माझ्या शिलाईच्या दुकानात राहिला, आणि दुकान बंद झाल्यावर माझ्याबरोबर या खोलीत आला. कापायचं मेज, मोठी कात्री, बसायचं बुटकं स्टूल (ते बोळातच मावलं), डबा आणि मी. नातवंडं कंटाळली की माझ्या खोलीत येतात, "आबा, पाड ना!" म्हणतात, मी डबा पाडतो.

आज पाडला नाही. आज व्याही आले, सूनबाईचे वडील. 'थोडे दिवस' म्हणून आलेत, पण पिशव्या चांगल्या फुगलेल्या आहेत. त्यांची खाट माझ्या खोलीत टाकली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे तर व्याहीच आले, घोड्याचा खर्च वाचला.

४ मार्च

आमचं घर पसाऱ्याचं आहे हे मी कबूल करतो. चिरंजीव छापखान्यात पाळीवर, सूनबाई इस्पितळात परिचारिका, तीही पाळीवर. दोघं एकमेकांना दारात भेटतात. त्यात ही दोन पोरं. थोरली नऊ वर्षांची. जे हाती लागेल ते कुठेतरी दडवून ठेवते आणि विसरते, म्हणून मी तिला खारू म्हणतो. धाकटा पाचाचा. त्याला हळू बोलता येत नाही, तो भोपू.

पण या पसाऱ्याचा नकाशा एकाच माणसाच्या डोक्यात आहे. "आबा, माझा दुसरा मोजा?" "आबा, किल्ल्या?" "आबा, पप्पांचा चष्मा?" सकाळी या घरात देवापेक्षा माझा धावा जास्त होतो. आणि मी सरळ उत्तर देत नाही. खारूचं खोडरबर हरवलं तर म्हणतो,

ऊन जिथे जेवून निजते,
तिथेच तुझे धन गं रुजते.

मग ती धावत खिडकीतल्या उशीखाली बघते. आहे! असा तिचा चेहरा उजळतो की वाटतं, हिचं रोज काहीतरी हरवावं. (खरं सांगायचं, खोडरबर कधीकधी मीच उशीखाली सरकवतो.)

व्याही हे सगळं ऐकत बसले होते. म्हणाले, "व्याहीबुवा, कविता झकास. पण खोडरबराला स्वतःचं घर का नाही?"

पाहुण्यानं पहिल्याच आठवड्यात असे प्रश्न विचारू नयेत.

६ मार्च

व्याही एका मोठ्या कारखान्यात अवजारांच्या कोठीवर होते. जन्मभर पाने, हातोडे, कानशी द्यायच्या आणि घ्यायच्या. आज त्यांनी पोरांना समोर बसवून ती कथा सांगितली आणि पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. हातोड्यांच्या कथेत काय असतं ऐकण्यासारखं?

म्हणे, कोठीत भिंतभर फळा असायचा. प्रत्येक अवजाराची आकृती फळ्यावर रंगवलेली. पान्याच्या आकृतीवर पाना, करवतीच्या आकृतीवर करवत. वस्तू नसली की तिची रिकामी सावली दिसे. आणि प्रत्येक कामगाराला पितळेचा बिल्ला असे. वस्तू न्यायची तर बिल्ला तिच्या खिळ्यावर अडकवायचा. वस्तू परत आली की बिल्ला परत.

"आणि नाही आणली तर?" भोपू ओरडला.

"तर फळा बोलतो. बिल्ला कुणाचा? अमक्याचा. मग वस्तू कुणाकडे? अमक्याकडे. आरडाओरडा नाही, मारामारी नाही."

"आमच्याकडे दोन्ही असतं," खारू म्हणाली आणि तिघंही हसली.

संध्याकाळपर्यंत बोळातल्या भिंतीवर जुन्या कपाटाचं दार आडवं ठोकलं गेलं. हा फळा. खारूनं आकृत्या काढल्या (माझ्या मोठ्या कात्रीची आणि तिच्याच मापाच्या कागदाच्या कात्रीचीही), भोपूनं खिळे धरले (एकदा बोट धरलं). बाटल्यांच्या पत्र्याच्या झाकणांचे बिल्ले झाले. व्याह्यांनी कानशीनं त्यांच्या कडेला खाचा पाडल्या, खारूला एक, भोपूला दोन, आणि अशा चढत्या.

"हा तुझा, आबा." खारूनं एक माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "मी या घरात कामगार नाही. मला बिल्ला लागत नाही." ती जराशी हिरमुसली. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पण बिल्ला घेतला नाही.

८ मार्च

काल दिवसभर डबे. प्रत्येक वस्तूला डबा आणि प्रत्येक डब्यावर खूण. आता, भोपूला वाचता येत नाही, म्हणून चित्रं चिकटवावीत, हे मला समजतं. पण व्याह्यांना चित्रं पटत नाहीत. ते खुद्द वस्तूच चिकटवतात! पेन्सिलींच्या डब्यावर पेन्सिलीचा तुकडा, सुतळीच्या डब्यावर सुतळीची गाठ, मिठाच्या झाकणावर खरखरीत पॉलिशकागद, साखरेच्या झाकणावर मखमलीची चिंधी. चिंधी माझ्याच गाठोड्यातली, न विचारता. बुटांच्या ब्रशाचा डबा तर केसाळ जनावर दिसतो. सौंदर्यदृष्टी म्हणून काही आहे की नाही? पण पोरांना मौज वाटते. येता-जाता डब्यांवरून हात फिरवतात, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आणि आज बटणं. शाळेतून आल्यावर खारूनं डबा नेला आणि बटणं आकाराप्रमाणे बाटल्यांत भरली. शर्टाची इकडे, कोटाची तिकडे, दोन भोकांची, चार भोकांची. व्याही शेजारी बसून एकेक चिमटीत धरत आणि न बघता सांगत, "चार भोकं. कोट." पोरं टाळ्या वाजवत. असा माणूस! मी जन्मभर बटणं लावली, माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही.

त्या दोघांचं झाल्यावर मी रिकामा डबा हलवून पाहिला.

१० मार्च

आज कुणाचं काही हरवलं नाही.

१२ मार्च

पोटात दुखतंय, ते सूनबाईच्या औषधानं जाणार नाही.

नवीन खेळ निघाला आहे. डोळे मिटून आवरायचं. व्याही म्हणतात, "रात्रपाळीत दिवे गेले तरी कोठी चालली पाहिजे." खारू डोळ्यांवर ओढणी बांधून घरभर फिरते, वस्तू जागेवर ठेवते. भोपू बोटांच्या फटीतून बघतो आणि "मी नाही बघत!" असं ओरडतो. घर कसं चकचकीत झालंय. सूनबाई पाळीवरून आली, दारातच थांबली आणि तिचे डोळे भरून आले. आवरलेलं घर बघून कुणी रडतं का? माझ्या पसाऱ्यानं तिला एवढा त्रास होत होता, हे मला आज कळलं.

नंतर व्याह्यांनी वर्तमानपत्र माझ्या पुढ्यात सरकवलं. "तुम्हीच वाचा मोठ्यानं. तुमच्या तोंडून बातमीसुद्धा कवितेसारखी लागते." म्हणजे आता मी यांचा वाचक! यांना आरामात टेकून बसायचं आणि मी घसा कोरडा करायचा. तरी वाचलं. पुढे म्हणाले, "ती नदीची कविता म्हणा की, परवा म्हणत होतात ती." मी म्हटली नाही. गोड बोलून गळा कापायची काही जणांना सवय असते.

माणूस फुशारकीतही कमी नाही. सकाळी न्हाणीघरात आरशाकडे पाठ करून दाढी करतो. बघा म्हणावं, मला आरसा लागत नाही!

पण खरा काटा पुढेच आहे. खारू त्यांना पहिल्या दिवसापासून 'नाना, तुम्ही' म्हणायची. पाहुण्यासारखं. मी 'आबा, तू'. तो फरक मी मनात जपून ठेवला होता. आज ती फळ्यापाशी उभी राहून सहज म्हणाली, "नाना, तू हात दे, मी दाखवते."

तू!

१५ मार्च

संध्याकाळी दिवे गेले. चिरंजीव मेजाच्या कोपऱ्यावर आपटला, भोपूनं भोंगा सुरू केला, मी भिंत चाचपत "कुणी हलू नका" म्हणत होतो. तेवढ्यात व्याही मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन माझ्यासमोर उभे. दोन माणसांना चुकवून, खुर्चीला वळसा घालून, डबा उघडून, ठेचही न लागता. पोरांनी त्यांचा जयजयकार केला.

"कसं जमतं हो तुम्हाला?" मी विचारलं. आवाज शक्य तितका गोड ठेवला.

"सवय," ते म्हणाले. "माझ्यासाठी फार फरक पडत नाही."

शाळेत आमच्या वर्गात असाच एक होता. पहिला यायचा आणि वर म्हणायचा, मी काही अभ्यास केला नव्हता. आम्ही त्याची टोपी विहिरीत टाकली होती.

१७ मार्च

घरात माझ्यामागे काहीतरी शिजतंय. मी आलो की कुजबुज थांबते. आज स्वयंपाकघराच्या दाराशी कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहितो.

चिरंजीव: "आबांना सांगून टाकू ना."

सूनबाई: "बाबा नको म्हणतात. व्याह्यांपुढे कमीपणा नको त्यांना. पोरांनाही शपथ घातलीये."

चिरंजीव: "मग खोलीचं कसं करायचं? तिकडे एकटं आता नाही ठेवता येणार."

एवढंच. पण शहाण्याला शब्दाचा मार. खोली! माझी खोली हवी आहे. आवराआवर कशासाठी चालली होती, ते उमगलं. आधी बटणं बाटलीत, मग कापडं गाठोड्यात, शेवटी आबा कुठल्यातरी डब्यात. वर खूण म्हणून माझे दोन केस चिकटवतील. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी ही खोली सोडणार नाही. आणि पोरंही.

१८ मार्च

आज एक गोष्ट केली. कुणाला सांगायची नाही म्हणून इथे लिहितो.

मिठाचं आणि साखरेचं झाकण बदललं. एवढंच! चोरी नाही, मारामारी नाही.

दुपारचा चहा हल्ली व्याही करतात, पोरं हाताखाली असतात. चहा झाला. भोपूनं पहिला घोट भिंतीवर उडवला. "खारट! नानानं समुद्र केला!" खारूही तोंड वाकडं करून हसली. मी उशीत तोंड खुपसून इतका हसलो की खोकला आला. बाहेर येऊन म्हणालो, "काय हो कोठीवाले, तुमच्या कोठीत साखर खारट असते वाटतं?"

व्याही हसले नाहीत. ओट्यापाशी उभे राहून मखमलीच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. पुन्हा पुन्हा. मग डब्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं. "माझीच चूक झाली असेल," म्हणाले. एवढ्याशा मिठासाठी एवढं तोंड पाडायचं?

खारूचं हसू मात्र मध्येच थांबलं. तिने दोन्ही झाकणं उचलून पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

२० मार्च

आज फार झालं. क्रमानं लिहितो.

दुपारी बाहेर आलो तर खारू माझ्या मोठ्या कात्रीनं पुठ्ठा कापत होती. पुठ्ठा! कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार मेली, हे माझ्या आईनं मला बाराखडीच्या आधी शिकवलं. मी ओरडलो. खारू दचकून म्हणाली, "नानानंच दिली!"

"मी कागदाची समजून दिली," व्याही म्हणाले. "जागेवर तीच होती."

"जन्मभर अवजारं सांभाळली म्हणता आणि कात्रीतला फरक दिसत नाही?"

खारू काहीतरी बोलणार होती, पण व्याह्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

(कात्री जागेवर कशी होती? कालच मी फळ्यावरच्या दोन कात्र्यांची अदलाबदल केली होती. पण त्यानं काय होतं? डोळे असलेल्या माणसाला दिसायला नको?)

मी कात्री हिसकावून खोलीत आणली आणि लपवायला जागा शोधू लागलो. बोळात त्यांची पावलं आली तशी घाईनं माळ्याखालच्या फळीवरचा एक लांबट पत्र्याचा डबा उघडला, आतल्या पंचाखाली कात्री सारली आणि झाकण लावलं. झाकणावर काहीतरी खरखरीत केसाळ चिकटवलेलं होतं. असेना का. या घरात आता सगळ्याच डब्यांना केस आलेत.

रागाच्या भरात आणखी एक केलं. माझं बुटकं स्टूल मेजाखालून काढलं. यांच्या राज्यात त्याची जागा मेजाखाली, फरशीवर खडूची चौकट आखून दिलेली. तसं ते वर्षानुवर्षं बोळात असे, फळ्याच्या जागी नुसती भिंत होती तेव्हापासून. मी ते बोळात नेऊन ठेवलं. त्याच्या जुन्या जागी.

चहाच्या वेळी व्याही बोळातून आले. भरभर चालतात हल्ली, घर पाठ झाल्यासारखे. स्टुलात पाय अडकून सपाट पडले. कप फुटले. मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं.

सूनबाईनं पट्टी बांधली. व्याही म्हणत होते, "माझंच लक्ष नव्हतं गं. कुणाला काही बोलू नकोस."

मी म्हटलं, "स्टूल त्याच्या मूळ जागी होतं. पुढ्यात बघून चालायला नको?"

खारू ताडकन उठली. "आबा, तुला काही म्हणजे काही कळत नाही!"

"खारू!" व्याही म्हणाले. "शपथ."

ती रडत निघून गेली. जन्मात पहिल्यांदा ही पोरगी माझ्यावर ओरडली, आणि तीही त्यांच्यासाठी.

२२ मार्च

व्याही गेले. चिरंजीव पोचवून आला. सूनबाईनं फार अडवलं, पण ते म्हणाले, "तिकडची भिंत न् भिंत माझ्या ओळखीची आहे. इथे मी मधेच येतो सगळ्यांच्या." पिशव्या भोपूनं भरल्या, फळीवरचे त्यांचे डबे मोजून दिले.

निघताना माझ्याजवळ आले. "नदीची कविता राहिली बघा, व्याहीबुवा." हात पुढे केला तो जरा भलतीकडेच. रागावलेले असणार. मी घेतला हात, चार लोकांत काय करणार.

खोली माझी राहिली. दुसरी खाट काढली. जिंकलो.

२४ मार्च

कात्री सापडत नाही.

हात दाखवून अवलक्षण! असा लांबट डबा, हे आठवतं. फळीवर डबेच नाहीत आता, एक माझा सुयांचा सोडून. मीच कुठेतरी हलवली असेन. या घराचा नकाशा ज्याच्या डोक्यात, त्याचीच वस्तू हरवली. कुणाला विचारू? कोण कविता करून सांगणार मला?

शेवटी खारूला विचारलं, सहज विचारल्यासारखं. तिनं पुस्तकातून मान वर न करता बोळाकडे बोट दाखवलं. फळ्यावर मोठ्या कात्रीची रिकामी सावली, आणि तिच्या खिळ्यावर एक झाकण लटकतंय.

"कुणाचा बिल्ला?" मी विचारलं.

"तुझा. तू कात्री नेलीस त्या दिवशीच मी लावला. तू घेतला नव्हतास, पण मी ठेवला होता." मग थांबून म्हणाली, "फळा बोलतो, आबा. कात्री तुझ्याकडे आहे."

२७ मार्च

पसारा परत आला. मोजे खुर्चीवर, पुस्तकं ओट्यावर, साखरेच्या झाकणाची मखमल निघून गेली. सगळं पूर्वीसारखं, मला हवं तसं.

फक्त कुणी हाक मारत नाही. खारू आपली आपण शोधते, सापडलं नाही तर तशीच शाळेत जाते. आज एका पायात निळा मोजा आणि एका पायात पांढरा. मी म्हटलं, "निळ्याचा जोडीदार मला ठाऊक आहे. ऐक, पाण्यापाशी तो..." ती म्हणाली, "उशीर होतोय आबा."

दुपारी बाटल्यांतली सगळी बटणं डब्यात ओतली आणि फरशीवर पाडली. खळ्ळ! आवाज तोच. भोपू आला, पाहिलं, आणि माझ्यासमोर बसला. वाटलं, आता खेळेल. त्यानं डोळे घट्ट मिटले, एक बटण उचललं, चाचपलं. "दोन भोकं. शर्ट." मग डोळे उघडून म्हणाला, "नानाला बोलाव ना."

इतका मोठ्यानं की शेजाऱ्यांनाही कळलं असेल माझ्या नातवाला कोण हवंय ते.

पुन्हा सगळी उचलली. एक बटण खाटेखाली गेलंय. राहू दे.

३० मार्च

पोरं शाळेत, नवरा-बायको पाळीवर. मी एकटाच. जेवून ही वही उघडणार तेवढ्यात बेल वाजली. या वेळी पाण्याचा मीटरवाला येतो. स्टूल ओलांडून (ते बोळातच असतं आता, मीही दोनदा अडखळलोय) दार उघडलं.

दारात व्याही होते. एकटे. मनगटाला अजून पट्टी, गाल ताजे, नुकतीच न्हाव्याकडून दाढी केलेली. कपडे एका बाजूनं चुन्यानं पांढरे, अगदी खांद्यापासून खालपर्यंत.

"कोण? व्याहीबुवा का?"

भरदुपार. ऊन माझ्या तोंडावर. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा.

"मीच," मी म्हटलं.

"बरं झालं, तुम्हीच भेटलात. पोरांसमोर नको होतं मला." त्यांनी पिशवीत हात घालून पंचाची गुंडाळी काढली आणि सोडवली. माझी कात्री! "माझ्या दाढीच्या डब्यात निघाली. हाताला पट्टी, म्हणून तिकडे गेल्यावर डबा उघडलाच नव्हता. काल न्हाव्यानं उघडला. भरताना माझ्याच हातून गेली असणार, दुसरं काय! हल्ली हाताला कळतं ते खरं, पण हातही चुकतात."

"टपालानं नसती का पाठवली? नाहीतर तुमच्या लेकीकडे?"

"अहो, तुमचा बिल्ला लटकत असेल ना तिथे." ते कावरेबावरे झाले. "खारू नियमाची पक्की आहे. इतके दिवस तुमचा बिल्ला, आणि वस्तू माझ्याकडे! कोठीत असताना एकदा असं झालं होतं. एका माणसाला न नेलेल्या पान्यापायी सगळे चोर म्हणायचे. तुमच्यावर तसला आळ नको. काल झोप लागली नाही मला."

मी विचारलं, "एकटे कसे आलात?"

"कंडक्टरनं कोपऱ्यावर उतरवलं. पुढे काय, भिंत होतीच." हसले. "घ्या. धार लावून आणलीये. पुठ्ठ्यानं गेली होती."

त्यांनी कात्री पुढे केली. पाती स्वतःच्या मुठीत, कड्या समोर, अवजार द्यावं तशी. दाराशेजारच्या खुंटीवर माझा जुना कोट असतो. कात्री त्यांनी कोटापुढे धरली. अदबीनं, मान जरा झुकवून, कोटाच्या वरच्या बटणाकडे बघत.

"घ्या ना, व्याहीबुवा," ते माझ्या कोटाला म्हणाले.

शाळेपासूनच्या इतक्या कविता पाठ आहेत मला. एकही ओळ आठवली नाही.

कोटानं कात्री घेतली नाही म्हणून ते थोडे गोंधळले, आणि त्यांनी आत यायला पाऊल उचललं.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की भोपू कुणावर गेलाय ते आज कळलं. "हलू नका. तिथेच थांबा."

ते एक पाय उंबऱ्यावर ठेवून थांबले, हातात कात्री तशीच धरून.

मी वळलो. बोळातलं स्टूल उचललं. खोलीत नेलं, मेजाखालची खडूची चौकट पुसट झाली होती, वाकून ती शोधली, आणि स्टूल बरोबर तिच्यात बसवलं. चारही पाय.

मग परत दारापाशी आलो.

"हं," म्हटलं, "आता या."